माईक फिरला पाहिजे : विद्यार्थीदशेतले वक्तृत्व आणि संघकार्य

एप्रिल आला की नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये एक चित्र हमखास दिसते. जयंती मंडळात पंचवीस-तीस पोरे असतात. वर्गणी फिरवणारे वेगळे, मंडप-लायटिंग बघणारे वेगळे, खुर्च्या उचलणारे वेगळे. बोलणारा मात्र एकच. प्रास्ताविक त्याचे, सूत्रसंचालन त्याचे, आभारही त्याचेच. तहसीलला निवेदन द्यायचे झाले तरी तोच पुढे. मग एके वर्षी तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीला किंवा नोकरीला पुण्याला जातो. पुढच्या चौदा एप्रिलला मंडळाकडे पैसा असतो, डीजे असतो, पण दहा मिनिटे नीट बोलणारा माणूस नसतो. बाहेरून व्याख्याते बोलावतात, आणि त्यांची ओळख कोणी करून द्यायची यावरच कुजबुज सुरू होते.

त्या मुलाचा यात दोष नाही. त्याच्या हातातला माईक पाच वर्षांत दुसऱ्या कोणाकडे गेला नाही, ही मंडळाची चूक आहे. आणि त्याचेही नुकसान झालेच. त्याने कधी खुर्ची उचलली नाही, हिशोब लिहिला नाही, दुसऱ्याचे भाषण ऐकून त्याला दोन सूचना केल्या नाहीत. तो वक्ता झाला, कार्यकर्ता व्हायचा राहिला.

वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे आणि संघकार्य म्हणजे सांगितलेले काम मुकाट्याने करणे, असे दोन समज आपल्याकडे पक्के बसले आहेत. माझे मत असे की ही दोन्ही कौशल्ये एकाच खोलीत शिकायची असतात. आठ-दहा जणांच्या छोट्या बैठकीत, कामे आळीपाळीने करत. मोठे व्यासपीठ ही नंतरची गोष्ट.

बाबासाहेबांचा रस्ता छोट्या खोलीतून

बाबासाहेबांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे महाडचा, येवल्याचा, दीक्षाभूमीचा जनसागर येतो. त्याआधीचा रस्ता आपण कमी पाहतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. चर्चासत्र म्हणजे सभा नव्हे. तिथे मोजके विद्यार्थी आणि प्राध्यापक असतात, एकाने लिहून आणलेले वाचायचे आणि बाकीच्यांनी त्यावर प्रश्न विचारायचे, अशी रीत असते. टाळ्यांसाठी तिथे कोणी बसत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. रोज वर्गासमोर उभे राहून अर्थशास्त्र समजावून सांगणे, हीही एक तालीमच. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली, म्हणजे अवघड प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे आकडे आणि युक्तिवाद मांडला. माणगावची परिषद त्यानंतरची, २१ आणि २२ मार्च १९२० ची. निबंध, वर्ग, साक्ष आणि मग परिषद, असा तो क्रम आहे. आपली पोरे थेट शेवटच्या पायरीवर चढतात आणि घाबरली की 'मला जमत नाही' म्हणून कायमची उतरतात.

दुसरी गोष्ट बहिष्कृत हितकारिणी सभेची. २० जुलै १९२४ ला स्थापन झालेल्या या सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथले विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवत. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही चालवला. हॉकी क्लब वाचून काहींना हसू येईल. पण अकरा जणांच्या खेळात चेंडू योग्य वेळी दुसऱ्याकडे द्यावा लागतो, हे शिकवायला त्याहून सोपी शाळा कोणती?

महाडचेही तसेच. १९ आणि २० मार्च १९२७ च्या त्या परिषदेतले बाबासाहेबांचे भाषण आपल्याला माहीत असते. पण त्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, संभाजी गायकवाड अशा माणसांचे काम होते. गावोगाव फिरून लोकांना निरोप द्यायचा, मंडप उभा करायचा, आलेल्या माणसांच्या पाण्याची सोय करायची. परिषदेला लागणारे पाणीसुद्धा चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले होते. पाण्याच्या हक्काच्या परिषदेला पाणी विकतचे! त्या चाळीस रुपयांचा आणि घागरींचा हिशोब कोणीतरी ठेवला असेलच. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली तेव्हा मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. ती जागा मागायला कोणीतरी गेले, बोलले, पटवून दिले. माईक नसलेले तेही वक्तृत्वच.

लातूर पॅटर्न आणि मिटलेले तोंड

मुखेड, कंधार, देगलूर, बिलोली, किनवटकडची मुले नांदेडला येतात. निलंगा, औसा, उदगीर, अहमदपूरकडची लातूरला. अकरावी-बारावीची दोन वर्षे भाड्याची खोली, मेसचा डबा, क्लास आणि सराव परीक्षा. लातूर पॅटर्नने आपल्या समाजाचे भले केले आहे, हे आधीच सांगतो. शेतमजुराच्या, ऊसतोड कामगाराच्या घरातली मुलगी डॉक्टर होताना आपण पाहिली आहे. त्या मेहनतीची टिंगल करण्याचा हक्क कोणाला नाही.

पण 'नीट'च्या परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण, आणि एकाही प्रश्नाला तोंड उघडावे लागत नाही. सोळा ते अठरा हे वय बोलायला शिकण्याचे, आणि नेमकी तीच दोन वर्षे पर्यायापुढचा गोल काळा करण्यात जातात. पुढे मेडिकलच्या पहिल्याच वर्षी तोंडी परीक्षा येते. उत्तर माहीत असते, पण बाहेर पडत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. वकिली करायची तर पहिल्या दिवसापासून उभे राहून बोलायचे असते.

गुणांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात, वसतिगृहात आडनाव विचारले जाते, आरक्षणावरून टोमणे बसतात. अशा वेळी मुलाला दोन गोष्टी लागतात. काय घडले ते तारखेसह, न डगमगता सांगता येणे, आणि सांगताना शेजारी उभी राहणारी चार माणसे. यातले एकही ऐनवेळी उगवत नाही. ज्याने दोन वर्षे कोणाशी धड बोलणे केले नाही, त्याला त्या रात्री फोन कोणाला करायचा हेच सुचत नाही. म्हणून आठवड्याच्या त्या एका बैठकीला मी अभ्यासातून काढलेला वेळ म्हणत नाही. ती अभ्यासाइतकीच गरजेची आहे.

भाषण कसे बांधायचे : उदायीला मिळालेला धडा

अंगुत्तर निकायात, पंचक निपातात, एक छोटे सुत्त आहे. उदायी नावाचे भिक्खू मोठ्या गृहस्थसमुदायात बसून धम्म सांगत होते. आनंदाने ते पाहून तथागतांना सांगितले. तथागत म्हणाले की दुसऱ्याला धम्म सांगणे सोपे नाही, आणि सांगणाऱ्याने पाच गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. क्रमाने सांगेन. कारण दाखवून सांगेन. कळवळ्याने सांगेन. लाभासाठी सांगणार नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला घायाळ करून सांगणार नाही. भाषणकलेची जाडजूड पुस्तके वाचण्याआधी या पाचांवर भाषण घासून पाहावे.

एक उदाहरण घेऊ. नामांतर लढ्यावर सात मिनिटे बोलायचे आहे. बहुतेक भाषणे घोषणेने सुरू होतात, मध्ये विशेषणांचा पाऊस पडतो आणि शेवटी पुन्हा घोषणा. ऐकणाऱ्या दहावीच्या मुलीला शेवटपर्यंत कळत नाही की नेमके झाले काय.

आधी क्रम. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरहून लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. पाच तारखा, त्याही नुसत्या ऐकणाऱ्याला लक्षात राहणार नाहीत. म्हणून तीन निवडा आणि त्यांच्याभोवती बोला.

मग कारण. एका विद्यापीठाच्या नावासाठी माणसे जिवावर का उठली, आणि ज्यांच्यावर हल्ले झाले ती खेडोपाडीची माणसे तर विद्यापीठात कधी गेलीही नव्हती, हे असे का? या प्रश्नाचे उत्तर देता आले तर भाषण झाले. जमीन, गावकी, मेलेली जनावरे ओढायला नकार, शिकून आलेला पोरगा मान वर करून चालतो याचा राग, हे सगळे त्यात येते. ज्याने वाचले त्यालाच ते सांगता येते.

कळवळा म्हणजे रडवेला आवाज काढणे नव्हे. समोर कोण बसले आहे याचा विचार करणे. पोचिराम कांबळे मातंग समाजातले होते. हे सांगितले की श्रोत्यांतल्या मातंग मुलाला हा लढा आपलाही वाटतो, आणि बौद्ध मुलालाही आठवण राहते की बलिदान एकाच जातीने दिलेले नाही. लाभ म्हणजे केवळ मानधन नव्हे. टाळी, हार, फोटो आणि पुढच्या निवडणुकीचे तिकीट हाही लाभच. आणि घायाळ न करणे सर्वांत अवघड, कारण आपली टाळ्यांची वाक्ये बहुधा कोणाला तरी झोडपण्यातूनच मिळतात. अन्यायाचे नाव स्पष्ट घ्यावे, गुन्हेगाराला गुन्हेगार म्हणावे, पण समोर बसलेल्या अख्ख्या जातसमूहाला शिवी देऊन काय मिळवले ते घरी जाऊन स्वतःला विचारावे.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ असावे, मधल्या मुद्द्यांची नुसती चिठ्ठी हातात असावी. अख्खे भाषण पाठ केले तर एक ओळ विसरली की पुढचे सगळे जाते. माईक तोंडापासून वीतभर लांब. हात थरथरले तर कागद टेबलावर ठेवावा, थरथर कोणाला दिसत नाही. आणि 'व्यासपीठावरील सन्माननीय अमुक, आदरणीय तमुक' ही यादी दोन मिनिटे खाते. तिला एका वाक्यात गुंडाळा. मान्यवर रुसतील, पण श्रोते दुवा देतील.

'पानी' म्हटले म्हणून कोणी हसले तर

मराठवाड्यातली कितीतरी मुले या एका भीतीपायी गप्प बसतात. 'पाणी'चे 'पानी' होते, 'का'च्या जागी 'कामून' येते, आणि वर्गात मागून हसू ऐकू येते. हे हसणे निव्वळ उच्चारावरचे नसते, त्यात गाव आणि जात दोन्ही मोजलेले असते.

विनयपिटकात याचे उत्तर आहे. यमेळु आणि तेकुल हे दोघे भाऊ ब्राह्मण कुळातून संघात आलेले, वाणी गोड. त्यांनी तक्रार केली की वेगवेगळ्या कुळांतून, जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवतात, तेव्हा ते छंदात बांधू या. तथागतांनी त्यांनाच फटकारले, आणि आपापल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली.

तेव्हा वस्तीत, विहारात, गावच्या सभेत आपल्या बोलीत बिनधास्त बोला. आजी ऐकायला बसली असेल तर 'कामून'च तिच्या काळजाला भिडते. मुलाखतीसाठी, न्यायालयासाठी, विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी प्रमाण मराठी शिकून घ्या, इंग्रजीही घ्या. एक भाषा घालवून दुसरी कमवायची गरज नाही. मित्राचा उच्चार एकट्यात सुधारावा, चारचौघांत कधीही नाही. हा नियम बैठकीच्या पहिल्याच दिवशी ठरवून टाकावा.

भांडण तांब्याभर पाण्यावरून

आता संघकार्याकडे. कोसंबीचे भिक्खू भांडले त्याचे मूळ अट्ठकथेत दिले आहे. एक विनयधर होता आणि एक धम्मकथिक, म्हणजे आजच्या भाषेत एक घटना-नियम जाणणारा आणि एक वक्ता. शौचालयातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवण्यावरून दोघांत वाद झाला. दोघांचे शिष्य दोन बाजूंना झाले, मग उपासकही. तथागतांनी समजावले, कोणी ऐकले नाही, तेव्हा ते तिथून निघून गेले. आपल्या जयंती मंडळांची फूट आठवून पाहा. फ्लेक्सवर कोणाचा फोटो आधी, मिरवणुकीत कोण पुढे, हार कोणी घातला. तांब्याभर पाण्याइतकेच कारण असते.

कोसंबीहून निघालेले तथागत पुढे अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल राहत होते त्या वनात गेले. तिघे दुधात पाणी मिसळावे तसे राहत. कसे, हे विचारल्यावर त्यांनी मोठे तत्त्वज्ञान सांगितले नाही, कामाची वाटणी सांगितली. भिक्षेहून जो आधी येतो तो आसने मांडतो, पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलेले आवरतो, जागा झाडतो. पाण्याचे मडके रिकामे दिसले तर ज्याला दिसते तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावतो. आणि दर पाच दिवसांनी रात्रभर बसून धम्मचर्चा करतात. मज्झिम निकायातल्या उपक्किलेस सुत्तात हे सगळे आहे. ज्याला दिसले त्याने करायचे, न पेलले तर मदत मागायची, आणि ठरलेल्या दिवशी बसून बोलायचे. खोलीवर राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायला याहून चांगले वेळापत्रक नाही.

बैठकीची शिस्तही आपल्याला बाहेरून आणायची नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे संसदीय कामकाजाचे नियम बौद्ध संघाला ठाऊक होते. संघात प्रस्ताव आधी मांडला जाई, त्याला 'ञत्ति' म्हणत. महत्त्वाच्या कामात तो आणखी तीनदा घोषित करून विचारला जाई. ज्याला मान्य त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. मतभेद राहिलाच तर शलाका, म्हणजे लाकडाच्या कांड्या, वाटून मत घेत. मंडळाच्या बैठकीत नेमके उलटे होते. ज्याला मान्य आहे तो ओरडतो आणि ज्याला नाही तो गप्प बसून दुसऱ्या दिवशी वेगळे मंडळ काढतो. प्रस्ताव स्पष्ट शब्दांत मांडून तीनदा विचारला, इतिवृत्तात लिहिला आणि वर्गणीचा हिशोब सर्वांसमोर मोठ्याने वाचला, तर निम्मी भांडणे जागीच मिटतील.

मुलींकडे रांगोळी आणि स्वागतगीत?

कार्यक्रमात मुलींना रांगोळी, स्वागतगीत आणि गुलदस्ते देणे अशी कामे वाटून दिली जातात. मुलगी बोललीच तर सावित्रीमाई किंवा रमाईवर. अर्थसंकल्प, आरक्षणाचे उपवर्गीकरण, शिष्यवृत्ती हे विषय मुलांचे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या, आणि बाबासाहेब तिथे पाहुणे म्हणून बोलले. त्या बायकांच्या नातींना आपण अजून गुलदस्ता धरायला लावतो. बैठकीचे अध्यक्षपद आळीपाळीने फिरवले की हा प्रश्न वेगळे भाषण न करता सुटू लागतो. मुलांना खुर्च्या आणि चहा, मुलींना हिशोब आणि सूत्रसंचालन, असे एकदा करून पाहा. खळखळ होईल, होऊ द्या.

सराव कुठे करायचा

संधी आपल्या दारात आहेत, आपण त्यांना सराव म्हणून पाहत नाही एवढेच. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. तीन महिने, समोर ओळखीचे, माया करणारे श्रोते. बहुतेक ठिकाणी वाचणारी व्यक्ती ठरलेली असते. रोज वेगळ्या विद्यार्थ्याने दोन पाने वाचावीत आणि दुसऱ्याने पाच मिनिटांत त्यांचा अर्थ सांगावा, एवढा बदल केला तर आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीतली वीस पोरे बोलू लागतील.

महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना असते. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. गुणांसाठी सही करून पळू नका. पन्नास जणांचा स्वयंपाक, संध्याकाळचे बौद्धिक, गावकऱ्यांशी बोलणे, हे सगळे त्या सात दिवसांत आहे. नांदेड विद्यापीठाच्या 'ज्ञानतीर्थ' युवक महोत्सवात वक्तृत्व, वादविवाद, एकांकिका असतात. एकांकिकेत घ्या, असे मी लाजाळू मुलांना आवर्जून सांगतो. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य बोलताना भीती अर्धी होते, आणि प्रकाश पाडणाऱ्याने एक क्षण चूक केली तर नायकही अंधारात जातो हे कळते. आंबेडकरी जलशांनी हेच केले. मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक बाबासाहेबांसमोर झाले, ती परंपराही हीच. नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांचे 'वाटा पळवाटा' गटाने बसून नुसते मोठ्याने वाचावे. चळवळीच्या वेगवेगळ्या पिढ्या त्यात आपसात वाद घालतात आणि प्रत्येकाचे थोडे थोडे पटते.

वादविवादासाठी तर आपल्याकडे मिलिंद-नागसेनाचा आदर्श आहे. मिलिंद राजाने चर्चेला बोलावले तेव्हा नागसेनांनी अट घातली की पंडितासारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजासारखी करणार असाल तर नाही. पंडिताची चूक दाखवली तर तो रागावत नाही, राजा मात्र शिक्षा करतो. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्या प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद चाले आणि जानेवारी १९५० मध्ये बाबासाहेब तिथे हिंदू कोड बिलावर बोलले. तुमच्या गटातही महिन्यातून एकदा बाजू चिठ्ठीने ठरवा. आपल्याला न पटणारी बाजू दहा मिनिटे प्रामाणिकपणे मांडता आली, तर व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या भांडणांत आपण पडणारच नाही.

खरी परीक्षा मात्र कार्यालयात होते. शिष्यवृत्ती अडकली, वसतिगृहाचे पाणी बंद झाले, की चाळीस जण घोषणा देत जातात आणि आत गेल्यावर एकदम सगळे बोलतात. पाच जणांनीच आत जावे. एकाने तीन मिनिटांत मागणी सांगावी, किती विद्यार्थी, कोणता महिना, कोणता अर्ज. दुसऱ्याच्या हातात कागदांची फाईल. तिसऱ्याने साहेबांचे उत्तर आणि दिलेली तारीख लिहून घ्यावी. चौथ्याने निवेदन आवक-जावकला देऊन शिक्का आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. पाचव्याने बाहेर थांबलेल्या पस्तीस जणांना काय ठरले ते सांगावे. हे काम बोलणाऱ्याइतकेच महत्त्वाचे, कारण अफवा तिथेच सुटतात. पुढच्या खेपेला कामे बदलावीत.

रविवारची बैठक

विहारात किंवा कोणाच्या खोलीवर आठ जण पुरेत. वेळ दीड तास. त्रिसरण-पंचशील घेऊन एक जण अध्यक्ष होतो. दोघे पाच-पाच मिनिटे बोलतात, विषय आठवडाभर आधी दिलेला. एक जण घड्याळ धरतो आणि पाचव्या मिनिटाला हात वर करतो, वक्ता कितीही रंगात असो. दोघांनी प्रश्न विचारायचेच, 'छान झाले' चालणार नाही. एक जण इतिवृत्त लिहितो. आठवा सतरंजी घालतो, पाणी आणतो, शेवटी झाडू मारतो. पुढच्या रविवारी सगळे एक घर सरकतात. आठ आठवड्यांत प्रत्येकाने प्रत्येक काम केलेले असते, आणि जो सगळ्यांत चांगला बोलतो त्यानेही झाडू मारलेला असतो.

एखादा उभा राहिला आणि बोलता बोलता अडला, तर कोणी शब्द पुरवू नये आणि कोणी हसूही नये. घड्याळवाल्याने वेळ थांबवावी. तो पाणी पिईल, चिठ्ठी पाहील, नाहीच जमले तर खाली बसेल. इतिवृत्तात त्याचे नाव आणि विषय इतरांसारखेच लिहायचे, आणि पुढच्या रविवारी त्याच विषयावर पहिला नंबर त्याचा ठेवायचा.